शून्याचा स्क्रू

गाडीच्या डिकीतली वजनांची पेटी काढून ठेवा, असं बायको आदल्या दिवसापासून सांगत होती. सहलीला चाललोय आपण, दुकानांच्या तपासणीला नाही, हे तिचं म्हणणं. पेटी जड आहे, पेट्रोल जास्त जातं, हेही तिचंच. मी हो हो म्हटलं आणि पेटी होती तिथेच राहू दिली. पेटी गाडीत नसली की मला घराची किल्ली विसरल्यासारखं वाटत राहतं.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातले, भंगारवाल्यांचे, पोस्टातले, दवाखान्यात तान्ही बाळं तोलतात ते. काटा उघडायचा, पुसायचा, स्प्रिंग बघायची, पेटीतली वजनं ठेवून खरं-खोटं करायचं आणि सील लावायचं. या धंद्यात एक खोड जडते. माणूस समोर आला की त्याचं वजन आपोआप मनात येतं. मी माणसांची नावं विसरतो, वजनं विसरत नाही. आमचं लग्न ठरवायला गेलो तेव्हा मी आधी तिचं वजनच मनात मांडलं, असा बायकोचा आरोप आहे आणि तो ती चारचौघांत करते. आरोप खोटा नाही, म्हणून मी गप्प बसतो.

सहल तिनेच काढली होती. शहरापासून तीनेक तासांवर डोंगरांच्या मधे मोठा तलाव आहे. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. भर थंडीत कोण जातंय? पण तिला जायचं होतं, आणि मला माहीत होतं का ते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. घरात बसून ते मी दिलंच नसतं. टीव्ही लावला असता, नाहीतर एखादा काटा उघडून बसलो असतो.

प्रश्न एका मुलीचा होता. बायकोचं केस कापायचं छोटं दुकान आहे. महिन्यातून एकदा ती जवळच्या बालगृहात जाऊन मुलांचे केस कापून देते. तिथे तिला ही भेटली. अंगात मापापेक्षा मोठा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि दिवसभर ती कोट काढायची नाही. गळ्याजवळच्या बटणाशी बोटं सतत चाललेली. म्हणून बायको तिला बटण म्हणायला लागली. बटण कुणाशी बोलत नव्हती. केसांना कुणाला हात लावू देत नव्हती, फक्त बायकोला द्यायची. त्या बालगृहात सहा वर्षांपर्यंतचीच मुलं ठेवतात, आणि बटणला सहा पूर्ण झाली होती. सोमवारी तिला लांबच्या एका मोठ्या संस्थेत पाठवणार होते. आम्ही हो म्हटलं तर ते थांबणार होतं.

बायकोचं हो कधीच झालं होतं. अडून बसलो होतो मी.

आमचं स्वतःचं मूल व्हावं म्हणून आम्ही काय काय केलं ते उगाळत बसत नाही. बरीच वर्षं गेली, आणि मग एक दिवस मी तो विषय बंद केला. बंद म्हणजे बंद. त्यानंतर आता, चाळिशी उलटल्यावर, सहा वर्षांची, न बोलणारी, मनात काय काय साठवून बसलेली मुलगी घरात आणायची? मला भीती वाटत होती. नुसती भीती नव्हे, राग पण येत होता, आणि कुणाचा येतोय ते कळत नव्हतं. बायकोच्या आग्रहामुळे मी एकदा तिला बघून आलो होतो. ती खुर्चीत बसून माझ्या हातांकडे बघत होती. मी विचारलं, नाव काय तुझं. ती बोलली नाही. सवयीने मी वजन मनात मांडलं. सोळा किलो, तेही कोटासकट. एवढं कमी बघून मला कसंतरीच झालं, आणि मी लवकर उठून आलो.

तर त्या रविवारी आम्ही सकाळी लवकर निघालो.

शहर मागे पडलं आणि गाडीत टिक टिक वाजायला लागलं. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की आमची गाडी असं वाजते.

"मागे काय ठेवलंयस?" मी विचारलं.

"घोंगडी आहे आणि थर्मास."

"थर्मासने वाजत नाही. वजन लागतं त्याला."

"अहो, मग थांबवा आणि बघा."

थांबवली. पिशवी उचलून डिकीत टाकली. सीट रिकामी. गाडी सुरू केली तर परत टिक टिक. सीटखालची वायर ओढून बघितली, सीटवर दोन गुद्दे मारले. टिक टिक चालूच. शेवटी बायको मागे वळली, रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि लावून टाकला. आवाज थांबला.

"गॅरेजवाल्याला दाखवायला हवं," मी म्हटलं.

पुढे बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मधेच एकदा तिने आरसा स्वतःकडे वळवून घेतला, मागची सीट दिसेल असा. मी तो परत सरळ केला.

तलाव आला तेव्हा उन्हं वर आली होती, पण त्यांत जीव नव्हता. रस्त्याच्या कडेची दुकानं बंद, टपऱ्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या. झाडांना पान नाही. काठावर होड्या पालथ्या घालून ठेवलेल्या, त्यांच्यावर गोठलेलं दंव. काठाकाठाने पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. लाट आली की तो बारीक आवाज करत मोडायचा, कपाट भरून काचेचे पेले कुणी हळूच हलवल्यासारखा. पलीकडे बर्फ पडलेला डोंगर, आणि पाण्यात तोच डोंगर उलटा. हवेला ओल्या लाकडाच्या धुराचा वास होता. मला ते सगळं आवडलं. उत्तर द्यायचं नसतं तर अजून आवडलं असतं.

धक्क्यावर एकच होडी पाण्यात होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक जाडजूड बाई तिच्यातलं पाणी डब्याने उपसत होती.

"मावशी, आज चालू आहे का?" बायकोने विचारलं.

"माणूस आलं की चालू," ती म्हणाली. "पलीकडे नेऊन आणते. तिथून डोंगर चांगला दिसतो. आधी काट्यावर या."

धक्क्याच्या कडेला पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये काटा. मी तो बघितला आणि माझा दिवस सुधारला. जुना, गोल तबकडीचा, खाली माणसांनी उभं राहायचा भला मोठा लोखंडी पाट. असे काटे आता भंगारातसुद्धा मिळत नाहीत. तबकडीची काच पुसलेली, सांध्यांना तेल. काट्याची अशी निगा फार कमी लोक ठेवतात.

मावशीने तिची पद्धत सांगितली. होडी अरुंद. उतारू पुढे बसतात, वल्ही मारायला ती मागे. पुढे वजन जास्त झालं की होडीचं नाक पाण्यात घुसतं. म्हणून एका होडीत बसणारी सगळी माणसं एकदम काट्यावर उभी करायची, आकडा बघायचा आणि त्या हिशोबाने मागे दगड टाकायचे. तिच्या आईपासून हे असंच चालत आलेलं होतं.

"दोघं या एकदम," ती म्हणाली.

थंडीच्या कपड्यांसकट मी त्र्याहत्तर, बायको अठ्ठावन्न. एकशे एकतीस व्हायला हवे. आम्ही उभे राहिलो. काटा एकशे एकतीसच्या पुढे गेला, जरासा डोलला आणि एकशे सत्तेचाळीसवर थांबला.

मी वजाबाकी केली, आणि परत एकदा केली.

"चुकतोय तुमचा काटा," मी म्हटलं.

"नाही चुकत," मावशी म्हणाली. रागाने नाही, साधंच.

धंद्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. डिकीतून पेटी आणली. बायकोने पेटीकडे बघितलं. मी एकटा उभा राहिलो: त्र्याहत्तर. बायको एकटी: अठ्ठावन्न. पेटीतली वजनं हातात घेऊन उभा राहिलो: तंतोतंत. मग मावशीला माझ्याबरोबर उभं केलं. ती हसत होती. तिचं वजन मी डोळ्यांनी मांडलं होतं तेवढंच भरलं. बायकोला मावशीबरोबर उभं केलं, तेही बरोबर. मग पुन्हा आम्ही दोघं, नवरा-बायको.

एकशे सत्तेचाळीस.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "सोळा."

तिला तो आकडा माहीत होता. बालगृहातून आल्या आल्या मीच तिला सांगितला होता, की पोर जेमतेम सोळा किलो भरेल, खायला घालत नाहीत की काय.

"स्प्रिंग दमलेली असते अशा काट्यांची," मी म्हटलं. "तू जा, जरा पाणी बघून ये. मी ठीक करतो."

ती गेली. मावशी दगड काढायला धक्क्यामागे गेली. शेडमध्ये मी एकटा राहिलो आणि दार लोटून घेतलं.

जुन्या काट्याच्या तबकडीखाली एक स्क्रू असतो. रिकामा काटा शून्यावर नसेल तर तो फिरवून शून्यावर आणायचा. रिकामा काटा शून्यावरच होता. काटा अगदी खरा होता, आणि ते माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी मी खिशातला पेचकस काढला, पाटावर उभा राहिलो आणि त्र्याहत्तरचा काटा सत्तावन्नवर येईपर्यंत तो स्क्रू फिरवला. पाटावरून उतरल्यावर काटा शून्याजवळच्या खिळ्याला टेकून राहिला. बघणाऱ्याला वाटावं, शून्यावरच आहे.

आयुष्यात मी काट्याशी असं कधी वागलो नव्हतो. दुकानदारांनी पैसे पुढे केले तेव्हासुद्धा नाही. पण त्या क्षणी माझी एकच धडपड होती, तो आकडा समोरून जावा. काट्यावर आम्ही दोघंच दिसायला हवे होते.

दोघींना बोलावलं. आम्ही उभे राहिलो. एकशे एकतीस.

"बघ," मी म्हटलं. "स्प्रिंगच होती."

बायकोने तबकडीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. रडली नाही की भांडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला कळला. संध्याकाळच्या प्रश्नाचं उत्तर मी आत्ताच दिलंय असं ती धरून चालली होती.

मावशीने आकडा वाचला, तेवढ्याच हिशोबाने मागे दगड टाकले आणि आम्हाला पुढच्या फळीवर बसवलं. फळीवर पांढरं दंव होतं. बायको एका टोकाला बसली, मी दुसऱ्या. मधे जागा सोडली होती, रुसवा म्हणून. आमच्या पुढे होडीच्या नाकाशी अजून एक लहानशी फळी होती, कुणी पोर बसेल एवढीच.

काठावरचा बर्फाचा पापुद्रा फोडत होडी निघाली. थोडा वेळ छान गेलं. वल्ह्यांचा आवाज, पाण्यावर धुकं, डोंगराचं पांढरं टोक. मावशी पलीकडच्या काठाबद्दल काहीबाही सांगत होती.

मधोमध पोचलो आणि डोंगरांच्या फटीतून वारं सुटलं.

मोठं वारं नव्हतं. पण लाट आली आणि होडीचं नाक वर उठण्याऐवजी खाली गेलं. पाणी कडेवरून आत आलं, माझ्या बुटांवर. दुसरी लाट आली. परत तेच. पाणी असं गार की पायाची बोटं आहेत की नाहीत कळेना.

मावशीचं बोलणं थांबलं होतं.

"नाक जड झालंय," ती म्हणाली. "मागे दगड कमी पडतायत."

"आकडा बघूनच टाकलेत ना?" बायको म्हणाली.

"आकडा बघूनच टाकलेत."

तिने होडी वळवायचा प्रयत्न केला. वारं वळू देईना. तिसऱ्या लाटेला पाणी घोट्यापर्यंत आलं. मी डबा घेऊन उपसायला लागलो. जेवढं काढतोय तेवढं येत होतं.

मग माझी नजर पुढच्या लहान फळीकडे गेली.

फळीवरचं दंव विरघळलं होतं. सगळं नाही, मधलंच. पांढऱ्या दंवात ओल्या लाकडाचा छोटासा काळा गोल दिसत होता. तिथे कुणी बराच वेळ बसलं असेल तर दिसेल तसा.

मी डबा खाली ठेवला.

"मावशी," मी म्हटलं, "पुढे अजून सोळा किलो आहेत."

"मग तसं आधी सांगायचं," ती म्हणाली. तिला नवल वाटलंच नाही. "मधे घ्या की तिला."

बायकोने तोंडावर हात घेतला.

मी सरकलो. बायकोच्या नि माझ्या मधली जागा हाताने थोपटली. दंव बोटांना चावलं. लहान मुलांशी कसं बोलतात हे मला कधी शिकायलाच मिळालं नव्हतं. शेवटी मी पुढच्या फळीकडे हात केला.

"ये," मी म्हटलं. "इकडे ये बाळा. मधे बस. तिथे भिजशील."

काही झालं नाही.

"ये गं. मी चुकलो. ये."

होडी हलली.

वाऱ्याने नाही, लाटेने नाही. माणूस होडीत एका फळीवरून दुसरीवर जातं तेव्हा ती हलते, तशी. आधी एका बाजूला, मग सावरून सरळ. नाक हळूहळू वर आलं. पुढची लाट होडीखालून निघून गेली आणि एक थेंब आत आला नाही.

माझ्या डाव्या हाताशी, कोटाच्या बाहीला, काहीतरी टेकलं होतं. मी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते राहिलं नसतं, अशी धास्ती वाटत होती. बायको पलीकडून माझ्याकडे झुकली होती, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत नव्हता. आमच्या मधली जागा तशीच होती आणि ती रिकामी वाटत नव्हती. मी रडत होतो. थंडीने डोळ्यांतून पाणी येतं तसं नव्हे, सरळ रडत होतो.

"आता पलीकडे जायचं?" मावशीने विचारलं.

"परत चला," बायको म्हणाली. "फोन करायचाय."

वारं पडलं होतं. काठाला लागलो. आम्ही उठलो तेव्हा मी फळीकडे मुद्दाम बघितलं. दंव तीन ठिकाणी विरघळलं होतं. दोन्ही टोकांना मोठं, मधे लहान.

मावशी होडी बांधत होती आणि बायको तिला मदत करत होती. मी एकटा शेडमध्ये गेलो. दार आतून लावलं. पाटावर उभा राहिलो आणि स्क्रू उलटा फिरवत गेलो, काटा त्र्याहत्तरवर येईपर्यंत. मग उतरलो. काटा शून्यावर आला, खिळ्याला न टेकता. स्क्रूवर मी माझ्या रुमालाचं टोक फिरवलं, पेचकसाची खूण राहू नये म्हणून. यातलं मी कुणाला काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. लाज वाटली. स्प्रिंगच बिघडली होती अशी ती समजूत करून घेईल, असं मला वाटलं.

फोन मीच लावला. बालगृहाच्या बाईंनी उचलला.

"आमचं हो आहे," मी म्हटलं.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "तिला सांगते उठल्यावर. आज काय झालंय कोण जाणे, सकाळपासून झोपलीय. हाका मारतोय, हलवतोय, उठतच नाही. अंग नुसतं गार... थांबा हं. अगं बाई! उठली वाटतं."

लांबून कुणीतरी पोर शिंकल्याचा आवाज फोनमध्ये आला.

थर्मासमधला चहा आम्ही गाडीला टेकून प्यायलो. बायको हसत होती आणि मधेच रडत होती आणि मला 'येडे आहात तुम्ही' म्हणत होती. निघताना मी मागचं दार उघडून रिकाम्या सीटचा पट्टा आधीच लावला. पण परतीच्या वाटेवर मला आतून माहीत होतं, की तिथे आता कुणी नाही. अर्ध्या रस्त्यात मी खात्री करायला पट्टा काढून बघितला. गाडी वाजली नाही.

पुढे कागदपत्रांचे सोपस्कार झाले. घर बघायला माणसं आली. खोली रंगवली. मी एक छोटा पलंग केला. गुण्या लावला तर कोपरा काटकोनात बसत नव्हता म्हणून तोडून पुन्हा केला, त्यावरून बायकोने माझी यथेच्छ चेष्टा केली. थंडी अजून होतीच, पण उन्हाला जोर आला होता. मग एक दिवस आम्ही बटणला आणायला गेलो.

बायको आत सह्या करत होती. बालगृहाच्या बाई बटणची पिशवी माझ्याकडे देताना म्हणाल्या, "हिचे मोजे मात्र एक जोड कमी आहेत हं. तुमचा फोन आला ना, त्या दिवशी झोपेतून उठली तर पायातले मोजे पिळून काढावे इतके ओले. पलंगावरून उतरली नव्हती हो. अंथरूण कोरडं. वाळवले, पण चिखलाचा वास काही जाईना. टाकून दिले शेवटी."

मी मान हलवली.

बटण गाडीत मागे जाऊन बसली. तोच कोट, गळ्यापर्यंत बटणं. मी सांगायच्या आत तिने पट्टा ओढून लावला, त्याच बाजूचा. जागा तिच्या ओळखीची असल्यासारखी ती बसली होती. मी पुढे बसलो. बायको यायची होती. गाडीत आम्ही दोघंच.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी आरशात बघून म्हटलं, "घरी मोठा काटा आहे माझा. हवं तर बघू तुझं वजन किती ते."

ती आरशातून माझ्या हातांकडे बघत होती. बोटं गळ्याजवळच्या बटणाशी.

"काका," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. जरा घोगरा, लहान मुलांचा असतो त्यापेक्षा खालचा. "तो स्क्रू तुम्ही फिरवलात, मग मी वजनात आलेच नाही."

माझे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

"पाणी खूप गार होतं," ती म्हणाली.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "परत नाही होणार असं. कधीच नाही."

तिने थोडा विचार केला. बालगृहाच्या दारातून बायको बाहेर येत होती, हात हलवत, चेहरा नुसता फुललेला.

"माहितीय," बटण म्हणाली. "नंतर तुम्ही तो परत नीट केलात. रुमालाने पुसलात पण. मी दाराजवळ उभी होते ना."

आणि तिने गळ्याजवळचं बटण काढलं.